घरी बांधलेलं विमान आणि इंजिनाचा ताप: सेन्सर लावायचा कुठे?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त "म्हणजे काय की" थोडे कमी केलेत.)

आज आपण विमानाचं बॉनेट उघडणार आहोत. विमानाच्या बाबतीत त्याला काउलिंग म्हणतात. आणि हे विमान कंपनीत तयार झालेलं नाही, एखाद्याने स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेलं आहे.

असं कोणी करतं का, असं वाटत असेल तर आपल्याकडचंच नाव सांगतो. कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते बीकेसीत ठेवलं होतं, तुमच्यापैकी काही जणांनी त्याच्यासोबत सेल्फीही काढला असेल. आपल्याकडे हा अपवाद, पण अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. तिथे १९५३ साली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू झाली. आज हजारो लोक किट मागवतात, वर्षानुवर्षं शनिवार-रविवार रिव्हेट ठोकतात आणि शेवटी त्यात बसून उडतात. सगळ्यात जास्त दिसतात ती ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची आरव्ही मालिकेतली विमानं.

आजचा प्रश्न एवढाच आहे, की या विमानाच्या इंजिनाचं तापमान मोजणारे सेन्सर नेमके कुठे लावायचे. प्रश्न किरकोळ वाटतो ना? पण विचार करा. नवीन विमान, नवीन इंजिन, पहिलं उड्डाण. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंग अजून बसलेल्या नसतात, त्यामुळे घर्षण जास्त आणि उष्णताही जास्त. धावपट्टी सोडली की नाक वर, वेग कमी, म्हणजे गार करणारी हवा कमी, आणि ताकद मात्र पूर्ण. नेमकं या दोन-तीन मिनिटांत पायलटला ठरवायचं असतं, की चढत राहू की नाक खाली करून इंजिनाला श्वास घेऊ देऊ. हे तो ठरवतो पडद्यावरच्या आकड्यावरून. तो आकडा खोटं बोलत असेल तर? अमेरिकेच्या एनटीएसबीने २०१२ मध्ये अशा घरगुती विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास केला. त्यात दोन मुख्य कारणं पुढे आली, इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं. आणि धोका सगळ्यात जास्त कधी, तर सुरुवातीच्या उड्डाणांत.

आता लहानपणी तुम्हाला ताप आला की आई काय करायची? काखेत थर्मामीटर लावला तर आकड्यात एक मिळवायची, तोंडात लावला तर आहे तो आकडा. ताप तोच, पोरगं तेच, जागा वेगळी म्हणून आकडा वेगळा. इंजिनाचंही अगदी तसंच आहे. इंजिन बनवणारी कंपनी जेव्हा सांगते की तापमान अमुक अंशांच्या वर जाऊ देऊ नका, तेव्हा तिच्या मनात एक ठरावीक भोक असतं. त्या भोकात मोजलेलं तापमान. तुम्ही दुसरीकडे मोजलंत, तर ती लाल रेघ तुमच्या कामाची नाही. आजच्या भागातलं बाकी सगळं यातूनच निघतं.

उदाहरणाला आपण लायकॉमिंगचं ओ-३६० घेऊ. चार सिलिंडर, १८० हॉर्सपॉवर, सुमारे ५.९ लिटरचं इंजिन. आरव्हीमध्ये हे भरपूर वापरलं जातं. आणि गंमत म्हणजे हे बुलेटसारखं हवेवर गार होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या फिन. फरक एवढाच की बुलेटच्या फिनवर वारा समोरून येतो. इथे पंख्याच्या मागच्या दोन तोंडांतून हवा आत शिरते, इंजिनाच्या वरच्या भागात दाबाने साठते आणि फिनमधून वरून खाली ढकलली जाते. खाली बाहेर पडते ती तापलेली हवा. म्हणजे सिलिंडरची वरची बाजू गार, खालची गरम. हे डोक्यात पक्कं ठेवा, आत्ता लागणार आहे.

पहिला सेन्सर सिलिंडर हेडचा, म्हणजे सीएचटी. लायकॉमिंगने प्रत्येक हेडच्या खालच्या बाजूला यासाठी एक छोटी विहीर पाडूनच दिलेली आहे. तिच्यात आट्यांचा अडॅप्टर बसतो आणि त्यात स्प्रिंगवाला प्रोब. स्प्रिंग कशाला? तर प्रोबचं टोक विहिरीच्या तळाला, म्हणजे धातूला, घट्ट टेकून राहावं म्हणून. मध्ये हवेची फट राहिली की आकडा पडलाच समजा. कंपनीची ५०० अंश फॅरनहाइटची कमाल मर्यादा, म्हणजे २६० सेल्सियस, ही या विहिरीतली आहे. अर्थात ती कमाल झाली. इंजिन दीर्घकाळ टिकवायचं असेल तर जोरात उडताना ४३५ च्या खाली आणि आरामात उडताना ४०० च्या खाली ठेवा, असं लायकॉमिंगच सांगते.

दुसरा मार्ग म्हणजे प्लगखालची रिंग. स्पार्क प्लगचा तांब्याचा वॉशर, गॅरेजच्या भाषेत वायसर, काढायचा आणि त्याजागी सेन्सरवाली रिंग घालायची. सोपं, स्वस्त. फोक्सवॅगनच्या जुन्या कार इंजिनावरून बनवलेल्या विमान-इंजिनांत हीच पद्धत आहे, आणि तिथे ती योग्यच आहे, कारण तिथली मर्यादाही त्याच जागेसाठी सांगितलेली असते. पण लायकॉमिंगवर रिंग लावून विहिरीचा आकडा लाल रेघ म्हणून धरला तर घोटाळा. वरच्या प्लगखाली लावलीत तर तो प्लग थेट थंड हवेच्या झोतात, खालच्या प्लगखाली लावलीत तर तापलेल्या हवेत. विहिरीच्या मानाने कित्येक अंशांचा फरक सहज पडतो. शिवाय दर वेळी प्लग काढताना त्या रिंगची वायर वाकते आणि कधीतरी बरोबर मुळाशी तुटते.

माझं मत विचाराल तर चारही सिलिंडरला विहिरीतलेच प्रोब, एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे. तीन विहिरीत आणि चौथा रिंगवर, असं कधीही करू नका. पूर्वी लोक एकच गेज लावायचे, आणि तो म्हणे सगळ्यात गरम सिलिंडरला लावायचा. अहो, पण कुठलं सिलिंडर सगळ्यात गरम हे चार सेन्सर लावल्याशिवाय कळणार कसं? आणि चढताना जे गरम असतं, तेच सरळ उडताना गरम असेल याची खात्री नाही.

इथे आरव्हीवाल्यांची एक प्रसिद्ध गोष्ट सांगतो. लायकॉमिंगमध्ये क्रमांक पंख्याकडून सुरू होतात. उजवीकडे पुढे १, डावीकडे पुढे २, उजवीकडे मागे ३, डावीकडे मागे ४. सिलिंडर सगळी एकाच साच्यातली. त्यामुळे उजव्या बाजूचं सिलिंडर डाव्या बाजूला लावायचं तर ते फिरून बसतं. प्रत्येक हेडच्या एका बाजूला फिन फार आखूड असतात. ती बाजू उजवीकडे मागच्या दिशेला येते, डावीकडे पुढच्या दिशेला. म्हणून ३ नंबरच्या पाठीमागे आणि २ नंबरच्या पुढे पत्र्याची भिंत फिनला इतकी चिकटते की हवेला खाली जायला वाटच उरत नाही. बांधणारे बघतात, ३ नंबर सतत गरम. उपाय काय? पत्रा आणि हेड यांच्यामध्ये एक-दोन वॉशर घालून थोडी फट करायची. झालं! चिल्लर खर्चात सिलिंडर गार. कुणी नीटनेटके लोक तिथे पत्र्याची छोटी नळीसारखी वाट बनवतात.

पण हे कळतं कधी? चारही सेन्सर सारख्याच जागी असतील तेव्हाच. नाहीतर तुम्ही म्हणाल, "३ नंबरला रिंग आहे ना, म्हणून जास्त दाखवतंय," आणि खरा आजार तसाच राहील. आणि हो, काँटिनेंटलचं इंजिन असेल तर क्रमांक मागून सुरू होतात. वायरींवर चिठ्ठ्या लावताना हे विसरलं की भलत्याच सिलिंडरचा पत्रा कापला जातो. त्यामुळे काउलिंग बंद करण्याआधी एक काम करा. हॉट एअर गन घ्या, एकेका प्रोबला शेक द्या आणि दुसऱ्या माणसाला पडद्यावर कुठली पट्टी वर जाते ते मोठ्याने सांगायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता वायरींकडे येतो. इथे जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात फसवी गोष्ट इथेच आहे. हे प्रोब म्हणजे थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की बारीकसा व्होल्टेज तयार होतो. झेबेकने १८२१ मध्ये हा परिणाम नोंदवला. के टाइपमध्ये दर अंश सेल्सियसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. पण थर्मोकपल खरं तर तापमान मोजतच नाही, ते मोजतं दोन टोकांच्या तापमानातला फरक. एक टोक इंजिनात, दुसरं टोक उपकरणापाशी. उपकरण स्वतःच्या जागेचं तापमान मोजतं, त्यात मिळवतं आणि आपल्याला आकडा दाखवतं.

समजा प्रोबची वायर तोकडी पडली. तुम्ही म्हणालात, चला, घरात तांब्याची वायर आहे, तीच जोडू. आता थर्मोकपलचं दुसरं टोक उपकरणापाशी राहिलं नाही, ते आलं त्या सांध्यापाशी, फायरवॉलच्या पुढे, गरम इंजिन-कप्प्यात. तिथे समजा ७० अंश सेल्सियस आहे आणि कॉकपिटमध्ये २५. उपकरणाला याचा पत्ताच नाही, ते बिचारं २५ च मिळवणार. आकडा बरोबर ४५ अंशांनी कमी दिसणार. हेड खरोखर २३० सेल्सियसला, म्हणजे ४४६ फॅरनहाइटला पोचलंय, आणि पायलटला दिसतंय १८५, म्हणजे ३६५ फॅरनहाइट. तो म्हणतो, वा, काय छान गार चाललंय! आणखी वाईट म्हणजे जमिनीवर थंड इंजिनावर तपासलंत तर सगळं अचूक दिसतं. कप्पा तापत जातो तशी चूक वाढत जाते, म्हणजे नेमकी चढताना.

म्हणून नियम साधा आहे. के टाइपला के टाइपचीच वायर, जे टाइपला जे टाइपचीच, थेट उपकरणापर्यंत. रंगही बघून घ्या. अमेरिकन पद्धतीत के टाइपची पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते. हो, लाल ऋण! आपल्या हाताला लाल म्हणजे प्लस हीच सवय असते, त्यामुळे उलट जोडणी होतेच होते. उलट जोडलं की प्रोब तापवल्यावर आकडा खाली जातो, त्यावरून लगेच पकडता येतं.

वायर नेताना आणखी एक. हेडच्या खालीच एक्झॉस्टचे पाइप असतात. प्लास्टिकचे झिप टाय तिथे वितळतात आणि मग वायर जाऊन पाइपवरच पडते. शिवाय इंजिन रबरावर बसवलेलं असतं, सुरू-बंद करताना चांगलं गदगदा हलतं. तेव्हा वायरीला थोडा ढिलेपणा ठेवा.

दुसरा सेन्सर एक्झॉस्टचा, ईजीटी. यासाठी पाइपलाच भोक पाडायचं असतं. कुठे? हेडला पाइप जिथे बोल्टने बसतो त्या फ्लँजपासून साधारण ५ ते १० सेंटीमीटरवर, आणि चारही पाइपांवर सारख्याच अंतरावर. फार जवळ घेतलंत तर प्रोब लवकर जळतो, फार लांब नेलंत तर वायू गार होतो आणि आकडा मंदावतो.

हा आकडा मात्र खऱ्या तापमानाचा मानू नका. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला २४०० फेरे मारत असेल तर एका सिलिंडरमधून सेकंदाला २० वेळा आगीचा फुत्कार येतो आणि मधल्या काळात काहीच नाही. प्रोब या सगळ्याची सरासरी काढत बसतो. तेव्हा "माझा ईजीटी १३८० आहे, तुझा किती?" या गप्पांना फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो बदलाला. उड्डाणाआधी पायलट दोन इग्निशनपैकी एक बंद करून बघतो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात ना, त्यातला एकच पेटला की जळण हळू होतं, आग उशिरापर्यंत चालते आणि ईजीटी चढतो. चारही चढले तर उत्तम. तीन चढले आणि एक धाडकन पडला, तर त्या सिलिंडरचा उरलेला प्लग मेलाय. कुठला ते जमिनीवरच कळलं. कार्बोरेटरवाल्या इंजिनात चार पाइपांत शंभरेक फॅरनहाइटचा फरक दिसला तरी झोप उडवून घेऊ नका, मिश्रण सगळीकडे सारखं वाटलं जात नाही. त्यामुळे ईजीटीच्या जागेबद्दल लोक मिलिमीटरवरून भांडतात ते मला जरा जास्तच वाटतं.

त्यापेक्षा भोकाची दिशा बघा. कधीतरी क्लॅम्प सैल होऊन प्रोब निघालाच, तर तिथून सातशे-आठशे अंश सेल्सियसचा झोत बाहेर येणार. त्या झोतासमोर पेट्रोलची नळी आहे का? ऑइलची आहे का? असेल तर पाइपवर फिरून दुसरी बाजू शोधा. पाइपांचे सरकते सांधे असतात, त्यांच्या हालचालीतही प्रोब येता कामा नये. आणि ज्या विमानात पंखा मागे असतो, लाँग-ईझीसारख्या, तिथे इंजिनावरून सुटलेली प्रत्येक वस्तू पंख्यातूनच बाहेर जाते. तिथे क्लॅम्पला सेफ्टी वायर नसेल तर मी त्या विमानात बसणार नाही.

ऑइलचं लवकर उरकतो. लायकॉमिंगमध्ये मागच्या बाजूला सेन्सरची जागा ठरलेली आहे. तिथे तेल कूलरमधून गार होऊन बेअरिंगकडे निघालेलं असतं. २४५ फॅरनहाइटची मर्यादा या जागेची आहे. कूलरच्या आधी मोजलंत तर उगाच घाबराल. सेन्सर टी-जोडाच्या बंद टोकात खुपसला, तर तिथलं तेल हलतच नाही आणि आकडा कमी येतो. एक तारेवाला सेन्सर असेल तर त्याचं अर्थिंग इंजिनाच्या धातूतून होतं. आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थिंग गेलंच. आणि लँडिंग लाइट लावल्याबरोबर ऑइलचं तापमान उडी मारत असेल, तर तेल तापलेलं नाही, तुमच्या इंजिनाची अर्थची पट्टी बघा.

आता पाण्यावर गार होणारी इंजिनं. रोटॅक्स ९१२ हे नाव एनसीसीच्या एअर विंगमधल्या मंडळींनी ऐकलं असेल, त्यांच्या व्हायरस मायक्रोलाइटमध्ये ते असतं. यात हेडला कूलंट असतं. जुन्या हेडमध्ये सेन्सर धातूचं तापमान मोजायचा. ९१२ यूएलएसला त्याची मर्यादा १३५ सेल्सियस. २०१३ च्या सुमारास कंपनीने हेडची रचना बदलली आणि सेन्सर कूलंटचं तापमान मोजू लागला. मर्यादा झाली १२०. बाहेरून बघितलं तर सेन्सर जवळपास तिथेच! कोणी जुन्या इंजिनावर नवीन हेड चढवलं आणि पडद्यावरची लाल रेघ १३५ वरच ठेवली, तर पंधरा अंशांची फसवणूक घेऊन तो उडतोय.

कूलंटच्या सेन्सरची आणखी एक खोड आहे, आणि कारचं इंजिन विमानाला लावणाऱ्यांनी ही ऐकाच. तो सेन्सर पाण्यात बुडालेला आहे तोवरच खरं बोलतो. नळी फुटली, कूलंट वाहून गेलं, की सेन्सर उरतो नुसत्या हवेत आणि वाफेत. आकडा चक्क खाली येऊ शकतो. हेड तिकडे भाजून निघतंय आणि पडद्यावर सगळं हिरवं. म्हणून अशा इंजिनावर एक सेन्सर कूलंटमध्ये आणि एक हेडच्या धातूत, दोन्ही हवेत. कूलंटच्या दाबाचाही सेन्सर लावलात तर फारच छान, कारण गळती आधी दाबातच दिसते.

शेवटी एक स्वस्त गोष्ट. तापमानाचे स्टिकर मिळतात, ठरावीक अंश ओलांडले की त्यावरचा ठिपका कायमचा काळा पडतो. पहिल्या काही उड्डाणांसाठी मॅग्नेटो, अल्टरनेटर, पेट्रोलची नळी, काउलिंगची आतली बाजू, जिथे शंका आहे तिथे चिकटवा आणि उतरल्यावर टॉर्च घेऊन बघा. वायर नाही, चॅनल नाही. बाहेरच्या हवेचा सेन्सर मात्र इंजिनापासून लांब, एक्झॉस्टच्या वाटेबाहेर आणि सावलीत. पंखाखाली ही बरी जागा.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, आम्ही विमान बांधणार नाही, पण कॉलेजच्या बाहा गाडीला हवेवर गार होणारं एक सिलिंडरचं इंजिन आहे. त्याला काय लावू?" तर बाबा, प्लगखालची रिंग लाव, के टाइप, वायर तुकडे न जोडता थेट. पण आधी प्रोबची परीक्षा घे. बर्फाच्या पाण्यात शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात मुंबईत असशील तर १००, पुण्यात असशील तर साधारण ९८. पुण्यात बसून तो १०० दाखवत असेल तर तो दोन अंश जास्त सांगतोय, ते वहीत लिहून ठेव. मग गाडी पूर्ण जोरात दहा मिनिटं पळव, तो आकडाही लिही, आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच्याशी ताडून बघ. कंपनीची मर्यादा दुसऱ्या जागेची असेल, पण हा आकडा तुझ्या इंजिनाचा, तुझ्या रिंगचा आहे. तो अचानक वीस अंशांनी वर गेला तर आधी पंख्याच्या जाळीत चिखल भरलाय का बघ, बाहामध्ये बहुतेक वेळा तोच असतो.